गडगडाटात गप्प न बसणारा इझेल

लेक टुलोसा गावातल्या काळ्या लोकांच्या वस्तीत दुपारी ढग गडगडायला लागले की घरं एकदम मुकी होतात. टीव्ही बंद, पंखे बंद, दिवे बंद. फोन उचलायचा नाही, नळाला हात लावायचा नाही, खिडकीत उभं राहायचं नाही. शेगडीवर भाजी अर्धी शिजलेली असली तरी ती विझवायची आणि सगळ्यांनी बाहेरच्या खोलीत हातावर हात ठेवून बसायचं. पोरं चुळबुळली की म्हातारी माणसं डोळे वटारतात. "गप्प बसा. देव कामाला लागलाय."

उन्हाळाभर जवळजवळ रोज दुपारी देव तिथे कामाला लागतो. फ्लोरिडातली वीज म्हणजे चेष्टा नव्हे. ती गोठ्यात शिरते, बोटी जाळते, गोल्फच्या मैदानावरची माणसं उचलून नेते. म्हणून या गप्प बसण्याला कोणी हसत नाही. गोरे शेजारी हसायचे, तेही आता टीव्हीच्या वायरी उपसून ठेवतात.

फक्त पेटवेंच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून तेवढ्यातही आवाज यायचा. स्टील गिटारचा. मांडीएवढ्या उंचीच्या चौकटीवर आडवी ठेवलेली ती तारांची पाटी, डाव्या हातात गुळगुळीत पोलादी कांडी, आणि ती कांडी तारांवरून सरकली की बाई रडावी तसा निघणारा सूर. इझेल पेटवे वाजवतोय हे साऱ्या गल्लीला कळायचं. बाहेर कडाडलं की तो हटकून आवाज वाढवायचा.

हे त्याचं लहानपणापासूनचं होतं. सात-आठ वर्षांचा असताना अशाच अंधाऱ्या खोलीत बसून त्याने आईला विचारलं होतं, "आई, देवाला एवढा मोठा आवाज करता येतो, मग आपल्या रेडिओचा त्याला त्रास कसा होतो?" आईने उत्तर म्हणून कानाखाली दिली. त्याने प्रश्न सोडला नाही. फक्त मोठ्याने विचारायचं सोडलं.

तरुणपणी तो संत्र्यांच्या रसाच्या कारखान्यात लागला. पट्टे, पंप, मोटारी, जे बंद पडेल ते चालू करायचं. रविवारी चर्चमध्ये स्टील वाजवायचा. त्यांच्या चर्चमध्ये ऑर्गन नाही, पियानो नाही, स्टील आहे. प्रवचन रंगात आलं की उपदेशक एक वाक्य म्हणतो आणि स्टील ते परत म्हणते. चांगला वाजवणारा असला तर लोक उपदेशकाचं विसरतात आणि स्टीलचं लक्षात ठेवतात. इझेल चांगला वाजवणारा होता.

त्याचं भांडण होतं ते गुणगुणीशी. अँप्लिफायर चालू केला की मागून एक बारीक घरघर येते. विजेचीच असते ती, तारांतून येते. प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटून शांत असताना ती माशीसारखी कानाशी फिरते. इझेलला ती सहन व्हायची नाही. ती मारण्याची एक युक्ती सगळ्या वाजवणाऱ्यांना माहीत होती. प्लगला तीन पिना असतात. त्यातली गोल, लांब, अर्थिंगची पिन पकडीने कापून टाकायची. घरघर बहुतेक वेळा तिथल्या तिथे थांबते.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने शेडमध्ये दुकानच मांडलं. अँप्लिफायर दुरुस्त करायचे, नवे बांधायचे, गिटारींची कॉइलं गुंडाळायची. आसपासच्या चार-पाच गावांतली चर्चं त्याच्याकडे यायची. ज्याने त्याने सांगायचं, "ब्रदर इझेल, हा फार गुणगुणतोय बघ," आणि इझेलने पकड उचलायची. कापलेल्या पिना तो लोणच्याच्या मोठ्या बरणीत टाकायचा. बरणी खिडकीत ठेवलेली. ऊन पडलं की पितळ चमकायचं. आलेल्या गिऱ्हाइकाला तो बरणी हलवून दाखवायचा. "ऐकतोस? एवढ्या माशा मारल्या मी."

शेडसाठी त्याने त्याहूनही पुढचं पाऊल टाकलं होतं. घराच्या मीटरखाली, पश्चिमेच्या भिंतीला अर्थिंगची सळई होती. पण घरात फ्रिज, धुण्याचं मशीन, बायकोचा, लोरीनचा, हेअर ड्रायर. त्या सगळ्यांची घाण अर्थिंगमधून आपल्या गिटारीत येते, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणून शेडमागे, उंच पाइनच्या झाडाजवळ, त्याने आपली वेगळी सळई ठोकली. साखरेसारखी पांढरी वाळू, सळई सहज आत जाई. लोरीनने ती धरली, त्याने घण मारला. मग घरातून शेडमध्ये येणारी अर्थिंगची तार त्याने सोडवून बाजूला गुंडाळून ठेवली आणि बाकावरचं सगळं आपल्या सळईला जोडलं. घराशी संबंध तोडला. गुणगुण खरोखरच कमी झाली.

लोरीनचा थोरला भाऊ क्लीओफस वीज कंपनीत खांबावर चढणारा माणूस. तो तेव्हा जेवायला आला होता. सळई बघून तो ताटावरून उठूनच बाहेर आला.

"हे काय केलंस?"

"माझी सळई आहे. माझ्या दुकानाची."

"ती घरच्या सळईला बांध. जाड तांब्याच्या तारेने. आजच."

"घरची घाण घरात राहू दे. मला स्वच्छ जमीन पाहिजे."

"जमीन काय स्वच्छ असते, गाढवा? जमिनीला काय आंघोळ घालतोस? दोन सळया सुट्या ठेवल्यास तर एक दिवस त्या तुझ्या सामानातून एकमेकींशी बोलतील."

"क्लीओफस, तू खांबावर चढ. गाण्यातलं मला कळतं."

क्लीओफसने टोपी घातली आणि ताट तसंच ठेवून निघून गेला. त्यानंतर तो नाताळला यायचा, बहिणीशी बोलायचा, इझेलला नुसती मान हलवायचा. अशी बरीच वर्षं गेली.

मग पाइनवर वीज पडली. साल सोलून निघाली, बाकावरचे दोन अँप्लिफायर जळाले. इझेल म्हणाला, उंच झाड आहे, पडायचीच. पुढे काही वर्षांनी पुन्हा पडली, पुन्हा बाकावरचं जळालं. गावात कुजबूज सुरू झाली. या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा पडली, तेव्हा बाकावर चर्चचा मोठा अँप्लिफायर होता. तो असा गेला की आतून काळा रस ओघळला. इझेल स्वतः वाचला तो नशिबाने. लोरीनचे गुडघे धरले होते म्हणून तिने त्याला खुर्ची सरकवायला घरात हाक मारली होती. तो मागच्या पायरीवर असताना त्याच्या पाठीमागे शेड पांढरी झाली.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मदर ओटेलिया उभी राहिली. वयाने आणि मानाने तीच सगळ्यांत मोठी, म्हणून सगळे तिला मदर म्हणायचे. पांढरा पोशाख, पांढरी टोपी, पहिल्या बाकावरची कोपऱ्यातली जागा तिची. ती उपदेशकालाही "बाळा, आटप आता" म्हणायची. ती बोलली ते थोडंच. ब्रदर इझेल ढग गडगडत असताना गप्प बसायचं वचन देईपर्यंत कोणीही आपलं वाद्य त्याच्या शेडमध्ये नेणार नाही.

मदरने सांगितलं म्हणजे झालं.

इझेलने मान खाली घातली नाही. पण प्रार्थनेनंतर बाहेर सावलीत तिला गाठलंच. ती हातपंख्याने वारा घेत उभी होती.

"मदर, माझ्यावर बंदी घातलीत?"

"तुझ्यावर नाही रे. तुझ्या हट्टावर. देव तुला तिसऱ्यांदा सांगतोय."

"देवाला मला सांगायचंच असलं तर तो माझ्या पाइनवर कशाला चढेल? मी रोज गुडघ्यावर बसतो की. तिथे सांगेल."

"तू गुडघ्यावर बसून तोंड चालवतोस. त्याला मधे बोलायला जागा कुठे असते?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. इझेलने वर बोट दाखवलं. "आणि ते चर्चच्या छपरावर काय लावलंय? तांब्याची सळई. गेल्या वर्षी तिच्यावर वीज पडली. देव तुम्हाला काय सांगत होता, मदर?"

मदर ओटेलियाने पंखा थांबवला. "तुझी आई इथे असती तर तुला आत्ता एक दिली असती."

"दिली होती. उपयोग झाला नाही."

"ते दिसतंय," ती म्हणाली आणि गाडीकडे चालू लागली.

त्या आठवड्यात शेडमध्ये कोणी आलं नाही. एरवी शनिवारी चार माणसं तरी बाकाशी उभी असत, उकडलेल्या शेंगा खात, एकमेकांच्या वाजवण्याला नावं ठेवत. आता नुसता पंखा फिरत होता. इझेलच्या लक्षात आलं की आपल्याकडून गेलंय ते काम नव्हे, ती माणसं. वचन दिलं की उद्या परत येतील. एक वाक्य म्हणायचं होतं. ते त्याच्या तोंडातून निघेना.

लोरीन दारात येऊन उभी राहिली. "म्हण की. गप्प बसेन म्हण. काय बिघडतं तुझं?"

"खोटं बोलू?"

"गप्प बस ना खरंच."

"लोरीन, मी काही पाप केलं म्हणून वीज पडली, असं मी कबूल करायचं? मग पुढच्या वेळी कोणाचं पोर ताप येऊन गेलं, तर ते पण कोणाच्या तरी पापाने? नाही जमणार मला."

"मग कशाने पडली ते शोध. एवढा कारखाना चालू ठेवलास ना?" लोरीन म्हणाली. "हात जोडायला मी कोणाकडे जाणार नाही. पण मला विधवा व्हायची घाई नाही, एवढं लक्षात ठेव." ती काठी टेकत गेली.

ते वाक्य त्याला लागलं. त्याने तिन्ही वेळचे जळलेले अँप्लिफायर उलटे केले आणि तो पहिल्यांदाच शोक न करता नुसतं बघायला लागला. वीज जर वरून, तारांतून आली असेल तर घरातलंही जळायला हवं होतं. घरात तर टीव्हीसुद्धा शाबूत. बरं, छपरातून आली म्हणावी तर छपरावर डाग नाही. सगळे अँप्लिफायर मात्र एकाच जागी फुटले होते. ज्या ट्रान्सफॉर्मरमध्ये घराची वीज येते तो, आणि अँप्लिफायरच्या ज्या पत्र्याला सळईची तार जोडलेली असते तो पत्रा, त्या दोघांच्या मध्ये. तिथे ठिणगीने भोकं पाडली होती. तो शेडमागे गेला. सळईभोवतीची वाळू वितळून काचेसारखी झाली होती, आणि सळईवरची पकड वाकून काळी पडली होती.

तो सळईपाशी उकिडवा बसला. वीज पाइनवर पडली, मुळांतून वाळूत गेली, आणि सगळ्यांत जवळची वाट म्हणून त्याच्या सळईतून वर आली. वर येऊन तिला घराकडे जायचं होतं. मधे सापडले अँप्लिफायर. तीन वेळा. 'त्या तुझ्या सामानातून एकमेकींशी बोलतील.'

"हात् तुझ्या," तो सळईला म्हणाला.

क्लीओफस तळ्याकाठच्या मासेवाल्यांच्या धक्क्यावर असायचा. निवृत्तीनंतर त्याने तिथे शेंगा उकडायचं मोठं पातेलं लावलं होतं. इझेलला येताना बघून त्याने झारा हातात घेतला आणि पातेल्यातच बघत राहिला.

"शेंगा पाहिजेत?"

"नको."

"मग रस्ता चुकलास."

"पाइनवर वीज पडली."

"ऐकलं. बहिणीने सांगितलं. अजून जिवंत आहेस, तेही सांगितलं. तिला वाईट वाटत होतं."

इझेल धक्क्याच्या फळीवर टेकला. "सळईतून वर आली ती."

क्लीओफसने झारा ठेवला. पण जिंकल्याचा चेहरा केला नाही. त्याने धक्क्याला बांधलेल्या होडीकडे हात केला. "एक पाय होडीत ठेव, एक धक्क्यावर. पाणी चढलं की काय होईल?"

"फाटेन."

"तेच. वीज पडली की तुझी जमीन चढते. चढायचीच, ती कोणाच्या बापाला थांबत नाही. घर अन् शेड एकत्र चढली पाहिजेत. तू एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून बसला होतास, अन् मधे गिटार वाजवत होतास."

"वर्षानुवर्षं," इझेल म्हणाला.

"वर्षानुवर्षं. आता उठ. तार माझ्याकडे आहे. तेव्हाच आणून ठेवली होती, तू बोलावशील म्हणून." पातेल्यावर झाकण ठेवत तो म्हणाला, "मी पण मूर्खच."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी घरापासून शेडपर्यंत चर खणला. लोरीनने ओसरीत खुर्ची टाकली आणि लिंबू पिळलेला गोड चहा पुरवत दोघांनाही नावं ठेवत राहिली. जाड, उघडी तांब्याची तार चरात पसरली. तिचं एक टोक घरच्या सळईला, एक टोक शेडच्या. बाजूला गुंडाळून ठेवलेली जुनी अर्थिंगची तार पुन्हा बोर्डात गेली. क्लीओफसने आणखी दोन सळया ठोकायला लावल्या, वाळू कोरडी म्हणून, आणि त्याही त्याच तारेला बांधल्या. शेडवर खोचलेल्या जुन्या टीव्ही अँटेनाचीही तार तिथेच आणली. शेडच्या बोर्डाला विजेची उसळी जमिनीत उतरवणारी एक पेटी बसवली.

"आता वाजवू गडगडाटात?" इझेलने विचारलं.

"आता सामान वाचेल. बहुतेक. तू वाचशीलच असं मी सांगत नाही. कडाडायला लागलं की प्लग भिंतीतून काढ आणि तारेला हात लावू नकोस."

"तू पण मदरसारखाच."

"मदर देवाचं सांगते. मी खांबावरून खाली आणलेल्या माणसांचं सांगतो."

हात धुवायला शेडमध्ये गेल्यावर क्लीओफसला खिडकीतली बरणी दिसली. त्याने ती उचलून हलवली. इझेल सवयीने हसत म्हणाला, "ऐकतोस? एवढ्या माशा..."

"या पिना आहेत?"

"हो. गुणगुणीवर औषध."

क्लीओफसने बरणी बाकावर ठेवली. फार हळू ठेवली. "आतमध्ये एखादी तार सुटून पत्र्याला लागली, तर वीज या पिनेतून परत जाते अन् बोर्डातला खटका पडतो. पिन नसली की पत्रा तसाच जिवंत बसतो. कोणीतरी हात लावायची वाट बघत. इझेल, ही सगळी वाट बघणारी डबडी कुठे आहेत आता?"

इझेलला उत्तर माहीत होतं. ती चर्चांत होती. ओल्या हातांनी, घामेजलेल्या कपड्यांनी माणसं ती वाजवत होती. मागे एका रविवारी ब्रदर थॅडियस गाता गाता मायक्रोफोनला ओठ लागून मागे कोसळला होता. ओठावर फोड आला होता. लोक म्हणाले होते, पवित्र आत्मा संचारला. इझेलही तेव्हा टाळ्या वाजवत होता. थॅडियसच्या गळ्यातल्या गिटारीचा अँप्लिफायर इझेलच्याच बाकावरून गेलेला होता.

त्याने बरणीचं झाकण लावलं. त्या दिवशी जेवताना लोरीनने विचारलं, "आता काय?"

"त्या सगळ्यांना नव्या तीन पिनांच्या वायरी घालायच्या. गुणगुण आतून काढायची. आतलं जोडकाम नीट केलं की जाते ती. वेळ लागतो म्हणून मी पकड वापरायचो."

"कोण आणणार तुझ्याकडे? बंदी आहे."

"म्हणून तर."

"मग दे वचन."

"नाही."

लोरीनने कपाळाला हात लावला. "देवा, याला कशातून घडवलास?"

रविवारी चर्चमध्ये साक्षी सुरू झाल्या. ज्याला जे सांगायचं ते उभं राहून सांगायचं, देवाने काय केलं, आपण काय केलं. कोणाच्या मुलीला नोकरी लागली, कोणाची गाठ साधीच निघाली. मग स्टीलच्या मागून इझेल उठला. बरणी त्याच्या हातात होती. त्याने ती पुढच्या टेबलावर ठेवली.

"या तुमच्या अँप्लिफायरच्या पिना आहेत," तो म्हणाला. "मी कापल्या. तुम्हाला बरं वाटावं म्हणून, आणि मला शहाणा म्हणावं म्हणून. यांच्यावाचून ते सामान माणूस मारू शकतं. थॅडियस, तुझ्या ओठाला लागलं ते पवित्र आत्म्याचं नव्हतं. माझं होतं."

थॅडियसने नकळत ओठाला हात लावला.

"शेडची सळई पण मी चुकीची घातली होती. माझ्या मेव्हण्याने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ती आता बांधली. म्हणून सांगतो, सगळं सामान माझ्याकडे आणा. मी काही घेणार नाही. तोवर कोणी प्लग लावू नका. ही माझी चूक, ती मी कबूल करतो."

"आमेन," मागून कोणीतरी म्हणालं.

मदर ओटेलिया बसल्या जागेवरून बोलली. "एवढं कबूल करतोस तर दुसरं पण कर. मग बंदी आत्ता उठवते."

"दुसरं कबूल करायला काही नाही, मदर. माझी चूक तारेत होती, गाण्यात नव्हती. देव माझ्यावर रागावला म्हणून वीज पडली, असं मी म्हणणार नाही. या टेबलासमोर तर नाहीच."

उपदेशकाने घसा खाकरला. लोरीनने डोळे मिटून घेतले. बरणी टेबलावर होती आणि ती कोण उचलणार ते ठरलं नव्हतं.

तेवढ्यात तळ्यापलीकडून गडगडलं.

पाऊस नव्हता. कोरडाच ढग, पण जवळ आलेला. पुन्हा गडगडलं, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. दिवे मालवले गेले. पंखे थांबले. बायकांनी मुलांना जवळ ओढलं. सगळ्यांनी हातावर हात ठेवले. एवढ्या माणसांनी भरलेली ती खोली इतकी शांत झाली की घड्याळ ऐकू यावं.

इझेल भिंतीपाशी गेला. वाकला आणि घरून आणलेल्या, नवी तीन पिनांची वायर घातलेल्या अँप्लिफायरचा प्लग काढला. गिटारपासून अँप्लिफायरला जाणारी वायरही उपसून गुंडाळून बाजूला ठेवली. सगळ्यांनी ते पाहिलं. मदर ओटेलियाच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. पोराला शेवटी समजलं.

इझेल स्टीलच्या मागे जाऊन बसला. त्याने डाव्या हातात कांडी घेतली.

विजेशिवाय स्टील म्हणजे काय, नुसती लोखंडाची कुजबूज. एरवी ती वाजवणाऱ्यालाही ऐकू येत नाही. पण त्या शांततेत ती पहिल्या बाकापर्यंत पोचली. मग दुसऱ्या. प्रेताला खांदा देताना गातात ते जुनं गाणं तो वाजवत होता, हळू, एकेक तार. मागच्या लोकांनी श्वास धरून कान दिला. कुठे गुणगुण नव्हती, घरघर नव्हती. आयुष्यभर ज्या स्वच्छ सुराच्या मागे तो पकड घेऊन धावला होता, तो आपला असा आला, फुकट. बाहेर कडाडलं. त्याने थांबून ते जाऊ दिलं आणि पुढची ओळ घेतली.

मदर ओटेलियाने मान न वळवता, दबक्या आवाजात म्हटलं, "ब्रदर इझेल. देव काम करतोय."

"करू दे, मदर," इझेल वाजवता वाजवता म्हणाला. "मी पण माझंच करतोय."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि कोणीतरी त्याला चिमटा काढला. मदरने ओठ घट्ट मिटले. मग तिच्या उजव्या पायाचा पांढरा बूट, अगदी जरासा, जमिनीवर ताल धरायला लागला. तिच्या लक्षात आल्यावर तिने तो थांबवला. पुढच्या कडव्याला तो पुन्हा सुरू झाला.

ढग निघून गेल्यावर दिवे लागले. माणसं बाहेर पडायला लागली. मदर ओटेलिया काठी टेकत टेबलापाशी आली. तिने बरणी उचलून पाहिली, हलवली आणि इझेलच्या हातात दिली.

"माझ्या नातवाचा अँप्लिफायर उद्या पाठवते. तो पण गुणगुणत नाही. म्हणजे तुझंच काम असणार."

"माझंच, मदर."

"बाकीच्यांना पण सांगते. पण ढग आले की बंद करायचं. ऐकलंस?"

"प्लग काढेन."

"आणि गप्प बसायचं."

इझेलने बरणी काखेत मारली. "प्लग काढेन," तो पुन्हा म्हणाला.

"अरे, तुझी आई..." मदर ओटेलियाने हात उचलला, पण मारला नाही. तो त्याच्याच खांद्यावर टेकवला आणि पायऱ्या उतरायला लागली.